उजव्या कानाची मेंढरं

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. स्टीलचं झाकण थांबायला किती वेळ घेतं ते मला आता पाठ आहे. आधी मोठ्यानं, मग बारीक, मग इतकं भराभर की वाटतं संपलं, आणि तरी संपत नाही. ते संपेपर्यंत माझी दुपार संपलेली असते. झाकण पडलं म्हणजे आरोही उठली, आणि उठली म्हणजे तिचा हात शेंगदाण्याच्या लाडवांपर्यंत पोचला.

मी हलले नाही. हलून चालणारच नव्हतं. मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांना लागून, फळीवर माझा लिनो होता, म्हणजे चित्र कोरलेला रबरासारखा मऊ तक्ता. त्यावर काळी शाई, शाईवर पुण्याहून मागवलेला पातळ कागद, आणि कागदाच्या पाठीवर मी वरणाची पळी उलटी धरून घासत होते. छापायचं यंत्र आमच्याकडं नाही. पळी आहे. घासताना मध्येच हात थांबला की तिथं चित्र फिकं राहतं, म्हणून लेकरू उठो, दूध उतू जावो, पळी थांबवायची नाही.

"आई, तुझ्या नाकाला काळं लागलंय," आरोही दारातून म्हणाली. दोन्ही हातांत एकेक लाडू.

"माहीत आहे, राणी. दारातच थांब."

"मी थांबलेच हाय." असं म्हणत ती दोन पावलं आत आली.

मी कागदाचा कोपरा धरून हळूच उचलला. एकाच चित्राचा सातवा कागद. माझे सासरे रखमाजी, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि त्यांच्या भोवती तेवीस मेंढरं. त्यांतली नऊ थेट आपल्याकडं बघणारी. चार महिने कोरलं होतं मी ते. आरोही चार वर्षांची, दुपारी तास-सव्वा तास झोपते, तेवढाच माझा दिवस. पुण्याच्या एका प्रदर्शनात हे चित्र निवडलं गेलं होतं. फोटो पाहून हो म्हणाले होते, आता खरा कागद पुढच्या शुक्रवारच्या आत पोचायला हवा होता. लग्नाला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत माझ्या नावानं या घरातून बाहेर जाणारं हे पहिलंच काहीतरी.

एरवी माझी कामं असतात ती दुसऱ्यांच्या भिंतींवर. साखरा गावच्या अंगणवाडीत फळं काढली, तर तिथल्या सेविका निर्मलाबाई म्हणाल्या, आंबा पपईसारखा झालाय, लेकरं पपई म्हणून राहिली. मी खाली ठळक अक्षरांत 'आंबा' लिहून आले. आखाडा बाळापूरला खताच्या दुकानावर कापसाचं बोंड काढलं. मालकाला ते आधी माणसाच्या डोक्याएवढं हवं होतं, मग भोपळ्याएवढं, मग म्हणाले, माणूसच काढून टाका. तांड्यावरच्या रूपसिंगकाकांना त्यांचा मेलेला बैल घराच्या दर्शनी भिंतीवर हवा होता. फोटो नव्हता. तीन वेळा शिंगं पुसली. चौथ्या वेळी ते भिंतीपाशी जाऊन बैलाशी हळू आवाजात बोलायला लागले, तेव्हा मी गुपचूप ब्रश धुतला. असं क्वचित होतं. बहुतेक वेळा शिडीखाली कुणीतरी मान वर करून उभं असतं आणि सांगत असतं, "मॅडम, जरा डावीकडं."

तर सातवा कागद मी दोरीवर चिमट्यांनी टांगला आणि आरोहीचे हात पुसायला फडकं शोधत होते, तेवढ्यात माझ्या सासूबाई, कौशल्याबाई, पुढच्या दारातून आल्या. चपला काढायच्या आधीच बोलायला लागल्या.

"मोहिनी, शाळेच्या भिंतीवर तू मेंढरं कोणाची काढली?"

"आपलीच, आत्याबाई."

"आपली असती तर लोक काहून हासून राहिले?"

आमचं गाव शिरड शहापूरच्या पलीकडं, रस्त्याला लागून. शाळेची लांब भिंत थेट फाट्यासमोर येते. तिथंच हॉटेल, तिथंच गाडीची वाट बघणारी माणसं. शाळेच्या निलम मॅडमनी त्या भिंतीवर 'आपलं गाव' काढायला सांगितलं होतं. मी हेच चित्र घेतलं. पहिल्या छापावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या, भिंतीवर मोठ्या चौकटी आखल्या, आणि एकेक चौकट उतरवत गेले. बारा दिवस लागले. मामा, म्हणजे माझे सासरे, रोज एकदा तिथून जायचे, भिंतीकडं न बघितल्यासारखं करायचे आणि घरी येऊन आत्याबाईंना सांगायचे, "मिशी बराबर जमली."

त्या दिवशी सकाळी मामांचे धाकटे भाऊ अंगदमामा आपली मेंढरं घेऊन फाट्यावरून चालले होते. भिंतीपुढं थांबले. बराच वेळ बघितलं. मामा हॉटेलात चहा पीत होते. अंगदमामांनी तिथूनच हाक मारली, "दादा, माझी मेंढरं वळायला कवापासून लागलास? सांगितलं असतं तर भाकर पाठवली असती तुला."

सगळं हॉटेल हसलं. मामांनी चहा अर्धा ठेवला आणि उठून गेले.

"पण अंगदमामांची कशी?" मी म्हणाले. "मी तर आपल्या मेंढवाड्यापुढं बसून काढलीत."

"कान बघ की बाई," आत्याबाई म्हणाल्या. "कान."

मेंढरांच्या कानाला आमच्याकडं कातर देतात. कोकरू महिन्याचं झालं की कानाच्या कडेला पात्यानं एक छोटा तुकडा काढायचा, हळद-तेल लावायचं. तीच घराची खूण. रानात दहा कळप एकत्र झाले तरी कान बघून सांगता येतं कोण कुणाचं. मामांची कातर डाव्या कानाला. अंगदमामांची तशीच कातर, पण उजव्या कानाला. एवढं मला माहीत होतं. सहा वर्षांत तेवढं कळतंच.

मी दोरीवरच्या कागदापाशी गेले. नऊ मेंढरं माझ्याकडं बघत होती. नऊच्या नऊ कातरी उजव्या कानाला.

लिनोत जे कोरतो ते कागदावर उलटं येतं, आरशातल्यासारखं. हे मला कुणी शिकवायला नको होतं. काठी कागदावर उजव्या हातात यावी म्हणून मी ती डाव्या हातात कोरली होती. शर्टाचा खिसा, पटक्याचा सोगा, खाली माझं नाव, सगळं आठवणीनं उलटं कोरलं होतं. मेंढरं मात्र मेंढरांकडं बघून कोरली. माणसाचं सगळं उलटं केलं आणि जनावराचं सुलटं ठेवलं. कागदावर कान नखाएवढे, कुणाच्या डोळ्यांत आले नाहीत. भिंतीवर ते पपईएवढे झाले.

मामा घरी आले ते जेवायच्या वेळेला. माझ्यापासून दोन हातांवर बसले आणि आत्याबाईंशी बोलले.

"तिला सांग, माझं तोंड त्या मेंढरांसंगं कुठं जायचं न्हाई."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "ते म्हणून राहिले..."

"ऐकलं मी. कुठं म्हणजे पुण्यालापण?"

"ती विचारून राहिली, पुण्यालापण?"

"पुण्यालापण."

"मामा, तिथं कुणाला कळणार आहे कान डावा का उजवा?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला कळून राहिलं ना," असं आत्याबाईंनाच सांगितलं.

शिवहारला, माझ्या नवऱ्याला, मी फोन केला. तो औंढ्याला मोटारी दुरुस्त करतो. म्हणाला, "बाप हाय माझा. मी काय बोलू?" मग म्हणाला, "भिंत तर रंगाचीच हाय ना, पुस आणि नीट कर. भिंत नीट झाली की मन नीट होईल." त्याला सगळं मोटारीसारखं वाटतं.

तरी मंगळवारी सकाळी आरोहीला कडेवर घेऊन मी भिंतीपाशी गेले. निलम मॅडम फाटकातच भेटल्या. शुक्रवारी शाळा तपासायला साहेब येणार होते.

"मॅडम, काहीही करा, पण शुक्रवारी शिडी नको दिसायला."

"फक्त कान करायचेत."

"काहून? चांगले तर आहेत कान."

मी समजावत बसले नाही. आरोहीला खाली पायरीवर खडू देऊन बसवलं आणि शिडीवर चढले. नऊ उजवे कान भरले. नऊ डाव्या कानांना कातर दिली. खालून सूचना चालूच होत्या. एकजण म्हणाला, तिसऱ्या मेंढीचं पोट मोठं काढा, गाभण दिसू द्या. दुसरा म्हणाला, कुत्रं नाही काढलं. अकरा वाजता उन्हानं भिंत तापली, रंग लावता लावता वाळायला लागला. एक वाजता आरोही पायरीवरच झोपली, गालाला निळा खडू लावून. तिला उचलून घरी आणताना मी ठरवलं होतं की आता झालं.

मामा संध्याकाळी फाट्यावरून आलेच नाहीत. नाल्याकडच्या वाटेनं आले, लांबून.

बुधवारी सकाळी अंगदमामा भिंतीखाली मांडी घालून बसलेले. हातात बशी, बशीत चहा. मला बघून म्हणाले, "ये सूनबाई. तुझ्याकडंच येणार व्हतो तक्रार घेऊन."

"आता काय झालं?"

"परवा माझी नऊ मेंढरं हितं व्हती. साऱ्या गावानं बघितली. आज कान बघतो तर दादाची." त्यांनी बशीत फुंकर मारली. "चोरीच की ही."

"अंगदमामा, चित्र आहे ते."

"चित्रातली मेंढरंपण सोडली न्हाईत दादानं, असं लोक म्हणून राहिले. मी न्हाई म्हणत."

म्हणजे मामा काल नाल्याकडून का आले ते कळलं. परवा ते धाकट्याचे मेंढके होते, आज चोर झाले. आणि हे सगळं मी केलं होतं, शिडीवर चढून, उन्हात, लेकराला पायरीवर झोपवून.

"तुम्हाला काय पाहिजे?" मी विचारलं.

"माझी मला दे."

"आणि त्यांची त्यांना?"

"त्यांची त्यांनी रानात बघावी."

मला एकदम कंटाळा आला. माणसांचा, कानांचा, डाव्या-उजव्याचा. लहानपणापासून हात नीट चालतो म्हणून चित्र काढत आले, नांदेडला राहून शिकले, आणि आता कान कुणाचा यावर पंचाईत ऐकत उभी होते. मी शिडी ओढली, चढले, आणि चित्रातल्या मागच्या आभाळाचा रंग ब्रशवर घेऊन नऊच्या नऊ उजव्या कानांनापण कातर दिली. एकेका फटक्यात. डावा पण कातरलेला, उजवा पण कातरलेला.

"घ्या," मी वरूनच म्हणाले. "अर्धी तुमची, अर्धी त्यांची. आता माझं डोकं खाऊ नका."

मी ब्रश डब्यात टाकला आणि खाली उतरले. 

फाट्यावर गोजरबाई बसतात, भाजीची पाटी घेऊन. ऐंशीच्या पुढच्या असतील. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला होता.

"अगं, ही तर यांच्या बाची मेंढरं," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"या अंगदच्या अन् रखमाजीच्या बाची. बा व्हता तवर दोनी कान कातरायचे. बा गेला, वाटण्या झाल्या, तवा एकेक कान घेतला दोघांनी." त्यांनी हात खाली घेतला आणि मेथीवर पाणी शिंपडलं. "लई दिसांनी बघितली."

वाटण्या मी यायच्या आधीच्या. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी अंगदमामांकडं बघितलं. त्यांनी बशी तोंडाशी नेलेली होती आणि ती तशीच राहिली होती. मग त्यांनी चहा प्यायला, बशी हॉटेलात देऊन आले, आणि मेंढरांना हाक घालत निघून गेले.  

शिडी परत करताना निलम मॅडम म्हणाल्या, "झालं ना? आता आणखी कान न्हाईत ना?"

"एका मेंढीला दोनच असतात, मॅडम," मी म्हणाले.

घरी आत्याबाईंना माझ्या आधीच सगळं कळलं होतं. त्या आरोहीला मांडीवर घेऊन समजावत होत्या. "कातर बघून कळतं बाळा, कोण कुणाचं. डावी आपली. उजवी अंगदआबाची. दोनी कान म्हंजी थोरल्या आबाची."

"थोरला आबा कुठाय?"

"देवाघरी."

"मग त्याची मेंढरं कुणी वळायची?"

"तुझ्या आईनं," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं असं बघितलं की टोमणा आहे का काय ते कळेना.

मामा जेवले, उठले, बाहेर गेले. निरोप आला नाही. पुण्याचं होही नाही आणि नाहीही नाही. पण मी जे छापलं होतं ते सात कागद उजव्या कानाचेच होते, आणि त्यांच्यासंगं मामांचं तोंड कुठं जायचं नव्हतं. कोरे कागद तीन उरले होते.

गुरुवारी दुपारी आरोही झोपली. मी लिनो फळीवर घेतला, सगळ्यात बारीक छिन्नी घेतली. लिनोत कोरलेलं परत भरून येत नाही. भिंतीवर पुसता येतं, इथं नाही. कातर होती त्या कानांना काही करता येणार नव्हतं, पण नऊ कान अजून साबूत होते. एकेक करून नऊ ठिकाणी नखाच्या चिमटीएवढा तुकडा काढला. छिन्नी घसरू नये म्हणून कोपर फळीवर टेकवून ठेवलं होतं. नववा झाल्यावर कळलं की पाठ दुखतेय.

शाई लावली. पहिला कागद ठेवला. पळी शोधली तर जागेवर नाही. आत्याबाईंनी ती राखेनं घासून, लखलखीत करून, देव्हाऱ्यामागं लपवली होती. "वरणाला शाईचा वास येतो," असं त्या आठवडाभर म्हणत होत्या. पळी सापडेपर्यंत शाई चिकट झाली आणि पहिला कागद उचलताना फाटला, बरोबर मामांच्या पटक्यापाशी.

दुसरा कागद. तो नीट बसला. अर्ध्यापर्यंत घासला. मग झाकण पडलं.

मी पळी थांबवली नाही. झाकण गरगरत होतं, पळी फिरत होती. "आरोही, दारातच थांब."

"मी मदत करते," ती म्हणाली, आणि लाडवाचा हात कागदावर ठेवला. पाचही बोटं.

 ओरडणं मी गिळलं. तिचा हात धरला, कागदावरून उचलला. तुपाचे पाच ठसे, एकेक स्पष्ट. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा खालचा ओठ पुढं आला.

"खराब झालं?"

"हे तुझं झालं," मी म्हणाले. "हे आपण ठेवू. आता पोत्यावर बस आणि मोज. किती मोजता येतात तुला?"

"वीस."

"वीस वेळा वीस मोज."

ती पोत्यावर बसून मोजत राहिली. अकरानंतर तेरा, मग पुन्हा अकरा. तिसरा कागद मी तिच्या मोजण्यावर घासला. हात दुखला तरी थांबले नाही. कोपरा उचलला, मधोमध सोलत आणला, आणि तो पूर्ण निघाला. काळा काळा, पांढरा पांढरा. काठी उजव्या हातात. नऊ मेंढरं, अठरा कातरी.

तो दोरीला लावत होते तेव्हा दारात सावली पडली. मामा मागच्या खोलीत कधी येत नाहीत. उंबऱ्याबाहेरच थांबले. कागदाकडं बघत राहिले, ओठ हलत होते. ते मोजत होते.

मी चिमटा धरून उभी. हाताला शाई, नाकाला शाई.

"ही कोपऱ्यातली," ते शेवटी म्हणाले, थेट मला, आत्याबाई घरात असूनही. "हिचा कान लोंबून राहिला."

"तशीच होती ती. तुमच्या कळपातली."

"बाच्या कळपात पण व्हती एक अशी."  मग उंबऱ्यावरूनच पुढं वाकून बघितलं. "मिशी जास्त काळी केली या बारीला."

एवढं सगळं झालं आणि मिशी. मी म्हणाले, "शाई काळीच असते, मामा."

"ते बी खरंच." ते वळले. दोन पावलं गेले. "वाळल्यावर पाकिटाला वरून प्लास्टिक लाव. गाडीच्या टपावर टाकतात, भिजलं बिजलं तर."

बाहेर त्यांच्या चपला वाजल्या. ते फाट्याकडं निघाले होते, सरळ वाटेनं.

मी खाली बसले, फरशीवरच. पळी मांडीत. हसू येत होतं आणि रागपण, आणि दोन्हींना वेळ नव्हता, कारण दुधाची वेळ झाली होती. आरोही पोत्यावरून उतरली, माझ्याजवळ आली, आणि दोरीवरच्या कागदाखाली मान वर करून उभी राहिली. मग तिनं आपला एक कान चाचपला, त्यातली बाळी फिरवली. मग दुसरा कान.

"आई," ती म्हणाली, "माझे तर दोन्ही कान टोचलेत. मग मी कुणाची?"